थर्मल कॅमेऱ्याला शेतमालातला ओलावा दिसतो का?

थेट दिसत नाही. थर्मल कॅमेरा पृष्ठभागावरून निघणारे अवरक्त किरण टिपून त्याचे तापमान दाखवतो. ओलाव्याचा अंदाज त्यावरून बांधावा लागतो.

तत्त्व माठाचेच
पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे वाळवणीतला ओला भाग गार राहतो आणि वाळलेला भाग भोवतालच्या हवेइतका तापतो. कॅमेरा हा फरक रंगांत दाखवतो.

कांद्यात काय पाहायचे?
हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव महाळुंगे पडवळ (ता. आंबेगाव) कांदा पट्ट्यात येते. या भागात उन्हाळी कांदा बराखीत, म्हणजे चाळीत साठवतात. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीनुसार काढलेला कांदा ३ दिवस पातीसह शेतात सुकवतात, २ ते २.५ सेंमी मान ठेवून पात कापतात आणि १० ते १२ दिवस सावलीत वाळवतात. कांद्याच्या आतले पाणी टिकवायचे असते; वाळवायची ती मान आणि वरची साल. मान ओली राहिली, तर तिथूनच सड आत शिरते. अशी मान कॅमेऱ्यात गार दिसू शकते.

मर्यादा
ऊन आणि वाऱ्याने चित्र बदलते. ढिगाच्या आतले दिसत नाही. टक्केवारीही थेट मिळत नाही. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत मात्र टक्केवारीच पाहतात. तिथे सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के आहे. खात्रीची पद्धत वजनाची: १०० ग्रॅम नमुना भट्टीत पूर्ण वाळवून ८८ ग्रॅम भरला, तर ओलावा १२ टक्के.

थोडक्यात, ओल कुठे आहे हे कॅमेरा सुचवतो. किती आहे हे काटा सांगतो.