अश्वलक्षणें : शुभाशुभ आणि ओळख

वाशीम हें गांव वाकाटकांच्या काळीं वत्सगुल्म या नांवानें राजधानीचें नगर होतें. येथें १९३९ सालीं द्वितीय विंध्यशक्ति राजाचा ताम्रपट उजेडांत आला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास पक्क्या पायावर उभा राहिला. ताम्रपटाच्या आरंभीं राजाच्या पूर्वजांची प्रशस्ति आहे. तींत पहिल्या प्रवरसेनानें केलेले यज्ञ मोजतांना चार अश्वमेधांचा उल्लेख येतो. इतिहासकार त्यावरून साम्राज्याच्या विस्ताराचें अनुमान करितात, आणि तें योग्यच आहे. परंतु या यज्ञांसाठीं घोडे निवडावे लागले असतील, व निवडणारानें शेंकडों घोड्यांतून नेमक्या त्यांच्यावरच बोट कशावरून ठेविलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास घोड्याच्या अंगावरील रंग, ठिपके, भोवरे आणि खूर यांचा एक दीर्घ इतिहास समोर येतो. त्यांत शास्त्र आहे, समजूत आहे, आणि गरीब स्वाराच्या पोटाचा प्रश्नही आहे.

अश्वमेधाच्या घोड्याविषयीं शतपथ ब्राह्मणांत चर्चाच आहे. एका आचार्याच्या मतें त्याचा पुढला भाग काळा व मागला पांढरा असावा, आणि कपाळावर गाड्याच्या आकाराची खूण असावी. दुसऱ्या आचार्याचें मत याहून निराळें आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत गालवाची कथा येते. विश्वामित्रानें त्याजकडे चंद्रासारखे पांढरे, परंतु एक कान काळा असलेले ८०० घोडे गुरुदक्षिणा म्हणून मागितले. राजामागून राजा पालथा घालूनही गालवास ६०० हून अधिक मिळाले नाहींत. या दोन्ही ठिकाणीं घोड्याचा वेग किंवा बळ हें निवडीचें मुख्य कारण नाहीं. दुर्मिळ खूण हेंच त्याचें मोल आहे. जें क्वचित् आढळतें तें देवास प्रिय, ही कल्पना त्यामागें स्पष्ट दिसते.

पुढें या कल्पनेस शास्त्राचें रूप आलें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अश्वलक्षणांवर स्वतंत्र अध्याय लिहिला व घोड्याच्या अंगावरील दहा नित्य भोवरे सांगितले. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत घोड्यांचें प्रकरण आहे. त्याच शतकांतील हेमचंद्रानें आपल्या अभिधानचिंतामणि कोशांत रंगांवरून पडलेलीं घोड्यांचीं नांवें दिलीं आहेत. छाती, पाठ, तोंड आणि दोन्ही कुशी यांवर पांढऱ्या खुणा असल्यास तो पंचभद्र. आणि शेपूट, छाती, चारी खूर, आयाळ व तोंड हीं पांढरीं असल्यास तो अष्टमंगल. मराठींत रूढ झालेला पंचकल्याणी म्हणजे चारी पाय व तोंड पांढरें असलेला घोडा, हा याच परंपरेंतला होय. गळ्यावरच्या भोवऱ्यास देवमण म्हणत, व तो असला म्हणजे इतर दोष झांकले जातात असें मानीत.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हेमचंद्राच्या यादींतील सेराह, कियाह, वोल्लाह हे शब्द संस्कृत कानास परके वाटतात. घोडे समुद्रावरून व खिंडींतून आले, तेव्हां व्यापाऱ्यांबरोबर त्यांचीं नांवेंही आलीं. मराठींतही तेंच घडलें. अबलख व कुमाईत हे शब्द अरबी, तर समंद व मुश्की हे फारसी आहेत. उलटपक्षीं पंचकल्याणी, अष्टमंगल, देवमण हीं नांवें आपल्या घरचीं आहेत. रंगाचें नांव व्यापाऱ्यानें दिलें आणि भाग्याचें नांव पंडितानें दिलें, असें मोठ्या अंशीं म्हणतां येईल. अपवाद अर्थातच आहेत; एकच पाय पांढरा असलेल्या घोड्यास अर्जल म्हणून अशुभ मानण्याची चाल मुसलमानी अश्वपरीक्षेंतून आपल्याकडे आली.

हें भाग्य किती चंचल आहे तें पाहण्यासाठीं दूर इंग्लंडांत जावें. तेथें घोडा घेणारांत एक जुनी लोकोक्ति आहे. जसजसे पांढरे पाय वाढत जातील तसतसा घोडा कमी प्रतीचा समजावा, एक पाय पांढरा असल्यास खुशाल घ्यावा, आणि चारी पांढरे असल्यास त्याचा नाद सोडावा, असा तिचा भाव आहे. म्हणजे दक्षिणेंत ज्या पंचकल्याणीसाठीं सरदारानें जास्त मोल मोजावें तो तेथें त्याज्य ठरतो, आणि येथें ज्या अर्जलाकडे कोणी पाहूं नये तो तेथें पसंत पडतो. घोडा तोच, पाय तेच. केवळ पाहणाराचा देश बदलला. लक्षणांत स्वाराचें भवितव्य खरोखर लिहिलेलें असतें, तर तें देशागणिक उलट झालें नसतें.

असें असूनही लक्षणविद्या निरुपयोगी होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तिचा खरा उपयोग देवघरांत नसून दप्तरांत होता. गणतीच्या दिवशीं उसना घोडा दाखवावयाचा, चांगला विकून तट्टू उभें करावयाचें, हा प्रकार जुन्या फौजांत फार चाले. त्याला आळा घालण्यासाठीं अलाउद्दीन खिलजीनें घोड्यांस डाग देण्याची पद्धत घातली आणि सोळाव्या शतकांत अकबरानें ती पुन्हां कडकपणें अमलांत आणिली. डागाबरोबर वर्णनही लिहून ठेवीत. डाग एक वेळ दुसरा देतां येईल. परंतु कपाळावरचा टिळा, पायाच्या पांढऱ्याची उंची आणि भोवऱ्याची जागा बनावट करतां येत नाहीं. ज्या खुणेंत ज्योतिष्यानें दैव पाहिलें तींतच कारकुनानें साक्ष पाहिली. आजही शर्यतीच्या घोड्याच्या ओळखपत्रांत त्याच्या आकृतीवर हेच टिळे आणि हेच भोवरे काढलेले असतात.

मराठी फौजेंत या प्रश्नास आणखी एक धार होती. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचें सारें भांडवल त्या एका जनावरांत गुंतलेलें असे; घोडा पडला म्हणजे त्याचें शिलेदारपणही गेलें. अशा मनुष्याच्या घोड्यास कोणी भलत्या ठिकाणच्या भोवऱ्यावरून अपशकुनी ठरविलें, तर त्याची किंमत एका शब्दानें उतरे. आणि घोडा धडधाकट असूनही धनी बुडे. धनवान सरदारास ही समजूत म्हणजे हौस होती. गरिबास ती दंड होती.

सभासदानें शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था सांगितली आहे तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखाली आणि एक नालबंद यांची नेमणूक आहे. पाणी आणि खूर, या दोन गोष्टींवर घोडदळ जगतें हें त्या व्यवस्थेनें ओळखिलें होतें. १६७० सालीं मराठ्यांनीं वऱ्हाडांत शिरून कारंजा लुटलें. तें कारंजा आज वाशीम जिल्ह्यांतच आहे. इतका लांबचा पल्ला भोवऱ्यांच्या पुण्याईवर मारतां येत नाहीं; त्यास न फुटणारे खूर लागतात. भीमेच्या कांठचें भीमथडी तट्टू अंगानें लहान, परंतु कोरड्या व खडकाळ मुलुखांत काटक म्हणून नांवाजलेलें होतें.

खुराविषयींची समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. पांढरा खूर मऊ आणि काळा कठीण, असें आपल्याकडे व परदेशांतही मानीत आले. खुराचें शिंग त्याच्या वरच्या कडेच्या कातडीपासून वाढतें. ती कातडी पांढरी असली म्हणजे खूर फिकट उतरतो, इतकाच त्याचा अर्थ. बळकटपणांत केवळ रंगामुळें फरक पडतो असें परीक्षणांत दिसून आलेलें नाहीं. रंग देणाऱ्या पेशी गर्भांत पाठीच्या कण्याजवळून निघून सर्वांगावर पसरतात. कपाळ, नाकपुडी व पाय हे त्यांच्या प्रवासाचे शेवटचे टप्पे होत. तेथपर्यंत त्या पोंचल्या नाहींत तर तीं स्थळें पांढरीं राहतात. पंचकल्याणीचीं पांचही कल्याणें या अपुऱ्या राहिलेल्या प्रवासाचीं चिन्हें आहेत.

जातीजातींतले भेदही याच आनुवंशिक कारणांनीं पडतात. काठेवाडी घोड्यांत काळा रंग सहसा मानीत नाहींत, मारवाडींत अबलख पुष्कळ दिसतो. युरोपांतील फ्रीझियन जवळजवळ निखळ काळा, तर स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो. अमेरिकेंतील ठिपकेदार अपालूसाच्या खुरांवर उभे पट्टे असतात. ऑस्ट्रियाचा लिपिझानर जन्मतां काळसर असून वयाबरोबर पांढरा होत जातो. अशा वयपरत्वें पांढऱ्या होणाऱ्या घोड्यांच्या रंगाचें आनुवंशिक कारण २००८ सालीं सांपडलें. त्यांस उतारवयांत कातडीच्या काळ्या गांठी होण्याचा संभव अधिक असतो. कांहीं ठिपकेदार कुळांत दोन्ही बाजूंनीं एकच दोष आल्यास शिंगरूं पांढरें जन्मतें व थोड्याच दिवसांत मरतें. तेव्हां रंगाचा आरोग्याशीं मुळींच संबंध नाहीं असेंही म्हणूं नये. संबंध आहे, परंतु तो घोड्याच्या प्रकृतीशीं आहे. धन्याच्या नशिबाशीं नाहीं.

वाशीमजवळच्या नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत, तसेंच खानदेशांत सारंगखेड्यास, घोड्यांचा बाजार अजूनही भरतो. आणि भोवरे पाहून किंमत करणारे गिऱ्हाईक तेथें अजून भेटतें. त्यानें भोवरे अवश्य पहावे, कारण विकत घेतलेला घोडा उद्यां ओळखावयाचा असतो. मात्र किंमत ठरवितांना त्यानें आधीं घोड्याचा पाय उचलून खूर पहावा, दांत पहावे, आणि त्यास चार पावलें चालवून पहावें. पागेंतला नालबंद रोज हेंच करीत आला, आणि ज्यांच्या पाठीवरून मराठी स्वार वऱ्हाडापर्यंत आले ते घोडे त्याच्याच परीक्षेस उतरलेले होते.