शक्कर तलाव आणि खारपाण

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना गाविलगडावर फार शाई खर्च केलेली नाही. किल्ला जवळपास बिनतोड आहे एवढे सांगून तो लगेच पाण्यावर येतो. गडावर एक झरा आहे आणि तिथे पोलादी हत्यारांना पाणी देतात, अशी त्याची नोंद आहे. तापवलेल्या पात्याला पाणी देणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लोहाराला समजावून सांगावे लागत नाही. त्या झऱ्याच्या पाण्यात खरेच काही गुण होता की नाही, हा धातुशास्त्राचा प्रश्न. मोगल दरबारातल्या इतिहासकाराला वऱ्हाडातल्या एका गडाची ओळख पाण्यावरून करून द्यावीशी वाटली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपण मात्र या किल्ल्यांवर लिहितो ते बहुतेक दरवाजांवर. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, त्यावरचा पंधराव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख, गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावरची शिल्पे आणि फतहुल्ला इमाद-उल-मुल्क यांवर पाने भरून लिहिले गेले. ते व्हायलाच हवे होते. तलावांच्या वाट्याला शेवटी एखादी ओळ येते, ‘गडावर पाण्याची मुबलक सोय आहे.’ ही सोय केली कोणी, पाणी येते कुठून आणि इथेच का, हे कोणी विचारत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. किल्ल्यांवर हिंडत आणि जुनी गॅझेटियरे वाचत जे जमेल ते शिकलो. म्हणूनही असेल, मला तलावाकडून गडाकडे पाहायची सवय लागली.

त्यासाठी आधी गडाखाली उतरावे लागते. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव या भागातून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी भिंत दिसते. या भिंतीच्या माथ्यावर पाणी दोन वाटांनी जाते. सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्या मेळघाटातून थेट तापीकडे जातात. दक्षिण उतारावरचे नाले आणि चंद्रभागेसारख्या नद्या पूर्णेला मिळतात. पूर्णेच्या खोऱ्यात खोलवर गाळाची माती साचली आहे आणि तिच्यातले भूजल खारे आहे. हाच आपला खारपाण पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. माझे बालपण याच पट्ट्यात गेले. घरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. गोड पाण्याची एक विहीर गावाबाहेर होती आणि तिथल्या रांगेतली भांडणे पिढ्यान्‌पिढ्यांची होती. सोयरीक जुळवताना जमिनीच्या आधी पाण्याची चौकशी होई.

अशा मुलखातला माणूस डोंगर चढून जातो आणि वर त्याला काळ्या पाषाणात साठलेले पावसाचे पाणी मिळते. नरनाळ्यावरच्या मोठ्या तलावाचे नाव शक्कर तलाव. चिखलदऱ्यातही एक शक्कर तलाव आहे. एकाच डोंगररांगेत हे नाव दोनदा यावे, याचा अर्थ मी असा लावतो की ते खालच्या माणसांनी ठेवले आहे. जो जन्मभर मचूळ पाणी प्यायला, त्यालाच साध्या पाण्याला साखर म्हणावेसे वाटेल. याला ताम्रपट नाही, हे माझे अनुमान आहे. पण कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या माणसाला हे नाव सुचले असते असे मला वाटत नाही.

नरनाळ्याच्या शक्कर तलावाला औषधी मानण्याची परंपरा जुनी आहे. पिसाळलेला कुत्रा चावलेल्याने तिथे आंघोळ करावी आणि मागे वळून न पाहता गड उतरावा, असे सांगतात. (लस मात्र आधी घ्यावी, हे इथे लिहून ठेवतो.) श्रद्धेचा भाग सोडला तरी लोक या पाण्याकडे काय म्हणून पाहत होते, ते यातून कळते.

नरनाळा, जाफराबाद आणि तेलियागड असा हा तीन भागांचा पसारा आहे. लहानमोठे मिळून तिथे विसाच्या आसपास तलाव सांगितले जातात, मात्र उन्हाळाभर पाणी धरणारे मोजकेच. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांत कठीण थर सापडला, तिथे पाणी टिकते. तलावाच्या खड्ड्यातून निघालेला दगड तटाला आणि इमारतींना वापरायचा, अशी दुहेरी सोय डोंगरी किल्ल्यांवर सर्रास दिसते. इथे त्याच्या जोडीला उतारावरचे पाणी वळवून आणणारे दगडी पाट आणि नाल्या आहेत. साग आणि बांबू वाढल्याने त्या पावसाळ्यात दिसतच नाहीत. फाल्गुनात पानगळ झाली की एखादी नाली पंधरा-वीस पावले सापडते, पुन्हा मातीखाली जाते. मी त्या पावलांनीच मोजत आलो आहे.

नरनाळ्याची झाकलेली दगडी टाकी हा वेगळाच विषय आहे. जुन्या गॅझेटियरकारांनाही त्यांचे नवल वाटले आणि त्यांनी ती जैनांची असावीत असे मानले. याच रांगेत मुक्तागिरीचे जैन तीर्थ असल्याने हा तर्क अगदीच वाऱ्यावरचा नाही. स्थानिक लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. मला ती पाण्याचीच वाटतात. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या तलावाचे पाणी डोळ्यांदेखत उडते. वर दगडाचे छप्पर असेल तर ते वाचते आणि स्वच्छही राहते. शिबंदीला तुपापेक्षा पाणी आधी लागते.

गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून आले, असे मानतात. हे खरे असेल तर गडाआधी तिथे गुरे होती, आणि गुरांआधी पाणवठे. चिखलदऱ्याच्या नावाची कीचकाशी सांगड घालणारी कथा आणि भीमकुंड सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र ‘चिखल’ हा शब्दच पुरेसा बोलका वाटतो.

डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने गाविलगडाला हात घातला, तेव्हा पाणी तोडून किल्ला घेण्याचा विचार करण्यात अर्थ नव्हता. पावसाळा नुकताच सरला होता. स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला लबाड्याकडे नेल्या, कारण त्या बाजूलाच गड पठाराला जोडलेला आहे. १५ डिसेंबरला बेनीसिंग पडला आणि गडही पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. १८५८ मध्ये तात्या टोपे आसरा घेतील या धास्तीने इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी मोडली. तलाव मोडावेत असे त्यांना वाटले नाही. उलट साहेबांनी शेजारीच चिखलदऱ्याचे थंड हवेचे ठिकाण वसवले होते.

पाण्याचा धनी बदलत गेला. मोगल, भोसले, निजाम, इंग्रज, आणि १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आल्यापासून वन विभाग. कोरकूंचे नाव या यादीत कधीच नव्हते. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘डा’ म्हणतात. संथाळी, मुंडारीतल्या शब्दाचे हे सख्खे भावंड आहे, म्हणजे या डोंगरात पाण्याला शक्कर म्हणण्याच्या कितीतरी आधीचे. कोहा, कुंड, बोरी ही गावे जंगलातून उठून खाली आली. त्यांच्यानंतर उठलेल्या काही गावांतली माणसे पुन्हा वर गेली. जमीन, दवाखाना, मोबदला अशी अनेक कारणे त्यामागे होती. कागदावर पाणवठ्याची किंमत कुठे धरलेली नसते.

आणि खालचा खारपाण आता वरूनच पाणी पितो. वारी भैरवगडला वान नदी अडवली, त्या पाण्यावर अकोट-तेल्हाऱ्याकडची चौऱ्याऐंशी खेडी योजना चालते. शहानूर प्रकल्पाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे जाते. वानचे पाणी अकोला शहराकडे नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी ऐकले आहे. शहरातल्या नळाला पाणी हवे आणि तेल्हाऱ्यातल्या शेतालाही, कारण विहिरीचे खारे पाणी दिले तर माती बिघडते. या वादात नरनाळ्याच्या तलावांचे नाव कोणी घेतले नाही. तिथले पाणी आज सांबरे आणि गवे पितात, आणि तलावात दरवर्षी थोडा गाळ येऊन बसतो. तो गाळ काढायचा तर आधी जुन्या नाल्या शोधाव्या लागतील. यंदाच्या फाल्गुनात जाफराबादच्या बाजूची एक नाली मोजायची राहिली आहे.