टाके आणि टाकी : भाज्याच्या कातळापासून पेट्रोलच्या कायद्यापर्यंत

थ्रेड 🧵

मळवली स्थानकावर उतरून भाजे लेणी पाहून आलेल्या बहुतेकांच्या छायाचित्रांत चैत्यगृहाची कमान असते, छताच्या लाकडी फासळ्या असतात, स्तूपांची रांग असते. पाण्याचे टाके क्वचितच असते. आजचा थ्रेड त्या टाक्याविषयी आहे, आणि त्याच वाटेवर दोन हजार वर्षांनी जमिनीत पुरल्या गेलेल्या दुसऱ्या टाकीविषयी.

भाजे लेणी कोरण्यास इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात प्रारंभ झाला. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल बोरघाटाने देशावर चढत असे. त्या मार्गालगतची ही जागा. येथील एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लहानसा लेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही ‘पोढी’ दान दिली, एवढेच तो सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. एका मोठ्या पदवीधराचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, ते पाण्यामुळे.

टाके कोठेही कोरून चालत नाही. एकसंध, घट्ट थरात कोरले तर पाणी टिकते. भेगाळ थरात कोरले तर निसटते. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून बनला. वाळूच्या प्रदेशात भूजल कणाकणांतून सावकाश झिरपते. येथे ते सांधे आणि भेगा यांच्या वाटांनी धावते. म्हणूनच मावळात एका विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारची कोरडी, असे घडते. हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, विसाव्या शतकात मोटारी आल्या. पेट्रोल प्रथम पत्र्याच्या डब्यांतून विकले जाई. मग रस्त्याकडेला पंप उभे राहिले आणि साठा जमिनीखालच्या पोलादी टाक्यांत गेला. जमिनीखालीच का? आगीच्या भयाने. ठिणगी पोहोचू नये म्हणून टाकी पुरली, आणि जी गोष्ट दिसत नाही ती सुरक्षित आहे असे मानले गेले.

आपला कायदाही याच भयातून घडला. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालील नियम इंधनाचे वर्ग पाडतात ते त्याची वाफ किती तापमानाला पेट घेईल यावरून : २३ अंश सेल्सिअसच्या खाली ‘अ’ वर्ग, म्हणजे पेट्रोल, २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान ‘ब’. परवाने देणारे मुख्य कार्यालय नागपूरला, आणि ते मुळात स्फोटकांचे खाते. माझ्या मते या इतिहासाची खरी गोम येथेच आहे. शासनाने टाकीकडे आग म्हणून पाहिले. तिच्याखालच्या पाण्याचा विचार त्या मोजपट्टीत नव्हता.

पोलाद मात्र ओल्या मातीत गंजते. सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर रोजची गळती इतकी थोडी असते की हिशेबातली तूट बाष्पीभवनाच्या नावावर खपून जाते. पेट्रोल पाण्यावर तरंगते. पण त्यातले बेन्झीन काही प्रमाणात विरघळते, आणि बेन्झीन कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा कोटींत एक भाग. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन १ टक्क्यापर्यंत चालते. हिशेब करून पाहा : एका लिटर पेट्रोलमधले तेवढे बेन्झीन सगळे विरघळले, तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचते. वाळूत त्याचा माग काढता येतो. भेगांच्या कातळात ते कोणत्या विहिरीत उगवेल, हे सांगणे फार कठीण.

अमेरिकेला हे उशिरा पण नीट उमगले. १९८४ मध्ये तेथे भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र तरतुदी झाल्या, १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास वा बंद करण्यास डिसेंबर १९९८ ची मुदत दिली. तोवर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या पाणीपुरवठ्यातला निम्मा भाग गमवावा लागला होता. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे रसायन त्याच्या विहिरींत उतरले होते. त्या देशात आजवर पाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे.

आपल्याकडचे उदाहरण टाकीचे नाही, वाहिनीचे आहे. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील सासवड गावी, मुंबईहून सोलापूरकडे जाणारी इंधनवाहिनी चोरट्यांनी फोडली. पेट्रोल शेतांत पसरले, पिके जळाली आणि ते विहिरींतही उतरले. तेथे निदान सारे चटकन उघड झाले. वर्षानुवर्षे ठिबकणाऱ्या टाकीची बातमी होत नाही.

राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या आदेशानंतर जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नवा पंप शाळा, रुग्णालय व वस्ती यांपासून साधारणतः ५० मीटर दूर असावा, आणि गळतीने माती वा भूजल बिघडले तर शुद्धीकरणाची जबाबदारी तेल कंपनीची, असे त्यांत आहे. ‘अ’ वर्ग, ‘ब’ वर्ग या भाषेच्या शेजारी भूजल हा शब्द येऊन बसला. प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम तर जुलै २०२५ मधले, अमेरिकेच्या त्या तरतुदींनंतर ४१ वर्षांनी आलेले.

पुढच्या वेळी भाज्याला गेलात, तर चैत्यगृहाआधी टाके शोधा. ते कोणत्या थरात कोरले आहे, तो थर आजूबाजूच्या कातळाहून कसा निराळा दिसतो, हे पाहा. आणि उतरताना गावातल्या एखाद्या विहिरीत डोकावून तेच थर बाजूच्या भिंतीत ओळखता येतात का, तेही.