रेठऱ्याच्या कुलकर्ण्याला पडलेली भूल

कृष्णाकाठचं रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात आहे. १८६६ साली तिथे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मला, तेव्हा ते साताऱ्यात होतं. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. मी कराडचा, म्हणून मला दोन्ही जिल्हे आपलेच वाटतात.

कुलकर्ण्याचं घर म्हणजे गावचं दप्तर, जमिनीचा हिशोब, वतन. पोरानं तेच सांभाळायचं. पण या पोराला नाद लागला तमाशाचा. आधी तो गावातल्या फडाला लावण्या रचून द्यायचा, मग स्वतःच फडावर उभा राहिला. ब्राह्मणाचा पोरगा ढोलकी-तुणतुण्याच्या मागे गेला, म्हणजे घर, जात, अब्रू सगळ्यावर पाणी. श्रीधरचा पठ्ठे बापूराव झाला तो असा.

दोन लाख लावण्या केल्याचा त्याचा दावा होता. माझ्यातल्या इंजिनिअरनं लगेच भागाकार केला: पन्नास वर्षं धरली तरी रोज अकरा. आकडा सोडून द्या. पण असा आकडा सांगावासा वाटणं, हीच भूल.

ही गोष्ट आपल्याकडे फार प्रेमानं सांगतात. कलेपायी सगळं सोडलेला माणूस! मलाही ती आवडायची. मग मी पवळाबद्दल वाचू लागलो.

पवळा संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली. तिच्या नाचण्या-गाण्यानं बापूरावाचा फड गाजला, लोक तिला बघायला तुटून पडायचे. आता जरा बघा. बापूराव वरून खाली उतरला, त्याला त्याग म्हणतात. पवळाला सोडायला वतन नव्हतंच. तिच्या जातीच्या बाईनं बोर्डावर नाचणं हे गावाच्या लेखी ठरलेलंच होतं. भूल एकच, पण एकाला तिनं नाव दिलं आणि दुसरीच्या अंगावरचा जुना शिक्का आणखी गडद केला.

हे ज्याला लख्ख दिसत होतं, तो प्रेक्षकांत बसलेला नव्हता. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावानं चळवळीला तमाशाच्या कमाईतून मदत देऊ केली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. महार बायका नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. चळवळीला पैशाची चणचण होती, तरी.

बापूरावाची दानत खोटी होती असं मला वाटत नाही. लावणी त्यानं खरंच जीव ओतून केली. पण खेळ रंगला की समोरच्याला नाचणारी दिसते, तिची जात आणि तिची भाकरी दिसत नाही. मीही यूट्यूबवर जुन्या लावण्या ऐकत रात्री जागवतो, तेव्हा मला कुठे काय दिसतं?

पुढे दोघांची फारकत झाली. बापूराव १९४५ मध्ये पुण्यात वारला, हलाखीतच. पाच वर्षांनी चित्रपट आला. त्याचं नाव ‘पठ्ठे बापूराव’.