ज्यू लोककथांची बालचित्रपुस्तके
एल लिसिट्स्कीने १९१९ मध्ये कीव्ह येथे वल्हांडण सणातील ‘हद गद्या’ या करडाच्या गीतावर चित्रपुस्तक काढले. नाझी संहारात पूर्व यूरोपातील यिडिश वाचकवर्ग जवळजवळ नष्ट झाल्यावर या परंपरेचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. यिडिशमध्ये लिहिणाऱ्या आयझॅक बाशेव्हिस सिंगरच्या ‘झ्लाटे द गोट’ (१९६६) मधील चेल्मच्या मूर्खांच्या कथा वरवर निव्वळ विनोदी वाटतात. परंतु चित्रकार मॉरिस सेंडॅकने त्यातील काही चेहरे संहारात बळी पडलेल्या आपल्या आप्तांच्या छायाचित्रांवरून रेखाटले. मार्गो झेमाकच्या ‘इट कुड ऑल्वेज बी वर्स’मध्ये (१९७६) दाटीने गांजलेल्या गरिबाला रब्बी कोंबड्या, बकरी, गायही झोपडीत घ्यावयास सांगतो, ती बाहेर काढताच तेच घर ऐसपैस वाटू लागते. तात्पर्य सांगण्याचे काम येथे शब्दांपेक्षा चित्रांतील गर्दीच अधिक करते.