समतोल : गिरणगावच्या काट्यावरचा एक शब्द

'समतोल' या शब्दात 'तोल' आहे, म्हणजे वजन आलं. बोलताना आपण तो शांतता, मधला मार्ग अशा अर्थाने सहज वापरतो. पण वाण्याचा काटा आठवून बघा. एका पारड्यातलं वजन काढून घेतलं आणि दांडी हाताने सरळ धरली, तर त्याला आपण समतोल म्हणू का?

परळ-लालबागच्या गिरण्यांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. मालकाच्या पारड्यात भांडवल, यंत्रं आणि वाट पाहण्याची ताकद. कामगाराच्या पारड्यात एकच वजन : काम थांबवणं. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांनी ते सहा महिने वापरलं. चाळींनी उपास काढले, पण सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली.

यानंतर सरकारने समेटाची यंत्रणा उभी करायला घेतली. १९३४ च्या कायद्याने कामगार अधिकारी आला. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणलं : आधी समेटाची बोलणी, ती संपेपर्यंत संप बेकायदा. टाळेबंदीवरही बंधन होतं, म्हणजे कागदावर दांडी सरळच. संपात मुलाबाळांचे हाल होतात, ते टळावेत, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप मुळाशी जाणारा होता : काम नाकारलं म्हणून शिक्षा करणं म्हणजे माणसाला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कायदा तरीही झाला.

पुढे १९४६ च्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनकडे दिला. याचा अर्थ १९८२ मध्ये उघड झाला. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, पण कायद्याने बोलायचा हक्क होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्याच्या मागे माणसं होती त्याला टेबलावर जागा नव्हती. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरणगाव मात्र विरत गेलं.

म्हणून कोणी 'समतोल तोडगा' म्हणालं, की आपण आधी पारडी बघावीत. दोन्हीकडे वजन आहे ना? नसेल, तर दांडी कोणाच्या हातात आहे?