भूमिकाधारित प्रवेशनियंत्रण

वेब अनुप्रयोगातील कोणते पान कोणाला उघडता यावे, हे वापरकर्त्याच्या भूमिकेवरून ठरवण्याची पद्धत. यात परवानग्या थेट व्यक्तीला देत नाहीत. त्या भूमिकेला जोडतात आणि भूमिका व्यक्तीला. त्यामुळे कर्मचाऱ्याची बदली झाली की भूमिका तेवढी बदलली तरी पुरते. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये या पद्धतीची औपचारिक मांडणी केली. रवी संधू व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिची प्रारूपे विस्ताराने मांडली आणि २००४ मध्ये ही पद्धत अमेरिकी मानक ठरली.

संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत ही पद्धत उघड दिसते. तेथील ‘कॉन्ट्रिब्युटर’ लेख लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. प्रसिद्धीच्या बटणाजागी त्याला लेख तपासणीसाठी पाठवण्याचे बटण मिळते. चित्र अपलोड करण्याचीही त्याला मुभा नसते. ‘ऑथर’ स्वतःचे लेख प्रसिद्ध करतो, ‘एडिटर’ इतरांच्या लेखांतही हात घालू शकतो. मात्र आतला कोड सहसा भूमिकेचे नाव विचारत नाही. ‘इतरांचे लेख संपादित करता येतात का?’ अशी नेमकी परवानगी तपासतो. हेच योग्य आहे, कारण उद्या नवी भूमिका आली तरी कोड बदलावा लागत नाही.

ही तपासणी सर्व्हरवर आणि प्रत्येक विनंतीला व्हायला हवी. लॉगिन नसेल तर ४०१, लॉगिन असूनही अधिकार नसेल तर ४०३ हा संकेतांक परत जातो. पान आहे हेच कळू द्यायचे नसेल तर ४०४ देतात. मेनूतून दुवा काढून टाकणे म्हणजे पान बंद करणे नव्हे. पत्ता ठाऊक असलेला माणूस तो थेट टाइप करतो आणि पान उघडते. भूमिकाही एकटी पुरत नाही: उदाहरणार्थ, रुग्णालयाच्या संकेतस्थळावर दोन रुग्णांची भूमिका एकच असते, पण पत्त्यातील क्रमांक बदलून एकाला दुसऱ्याचा अहवाल दिसता कामा नये. तिथे मालकी वेगळी तपासावी लागते. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या प्रमुख धोक्यांच्या २०२१ च्या यादीत प्रवेशनियंत्रणातील त्रुटी पाचव्या स्थानावरून पहिल्या स्थानावर आल्या.

म्हणून नवे पान आधी सर्वांना बंद ठेवावे, मग लागेल तेवढेच खुले करावे. चाचणी अ‍ॅडमिनच्या खात्यावरून उरकू नये. सर्वांत कमी अधिकारांच्या खात्याने लॉगिन करून प्रत्येक पत्ता उघडून पाहावा.